मदत हवी आहे: केळघर घाटातल्या सुट्या दगडांसाठी ग्रामसभेच्या ठरावात नेमकं काय मागावं?

नमस्कार मंडळी. मी जावळी तालुक्यातला. रोज सकाळी वरच्या वाड्यांतलं दूध गोळा करून पिकअपने घाट उतरून मेढ्याला जातो. केबिनमध्ये माझी पुतणी आणि शेजारचा मुलगा असतात, दोघं तिथल्या शाळेत आहेत.

गेल्या आषाढात एका वळणावर कळशीएवढा दगड बॉनेटवर आला. काच फुटली, पोरं वाचली. पाऊस आदल्या रात्रीच थांबला होता, चक्क ऊन पडलं होतं. त्यानंतर तीन अर्ज दिले. धोक्याचा फलक लागला, पण दगड जागच्या जागी आहेत.

जागा सांगतो. खाली काळा कातळ, त्यावर हातभर जाडीचा विटकरी मऊ थर, वर पुन्हा कातळ आणि सगळ्यात वर मुरूम. मऊ थर झिजून आत गेलाय, त्यामुळे वरचा कातळ अधांतरी बाहेर आलाय. त्याच्या भेगेत पिंपळाचं मूळ शिरलंय. उन्हाळ्यात वणव्याने वरचा उतार जळाला की पहिल्याच वळवात माती रस्त्यावर येते.

माझे चुलते सीमेवरच्या रस्त्यांच्या कामावर लडाखला होते. ते म्हणतात, तिकडे रात्री भेगांतलं पाणी गोठून फुगतं आणि ऊन चढून बर्फ सुटला की दगड कोसळतात, म्हणून गाड्या पहाटेच काढायच्या. आपल्याकडे अशी एखादी सुरक्षित वेळ असते का? आणि जाळी मागावी की आणखी काही? ‘दरडीचा बंदोबस्त करावा’ एवढंच लिहिलं तर उत्तरही तसंच मोघम येईल, ही भीती आहे.

प्रतिसाद

दादा, पोरं सुखरूप आहेत हे वाचून बरं वाटलं. घाटरस्त्यांच्या कामावर बरीच वर्षं काढली, त्यावरून सांगतो.

चुलत्यांचं बरोबर आहे. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं आणि कातळ फोडतं. आपल्याकडे वेण्णा तलावाकाठी थंडीत दव गोठतं, पण तेवढ्याने कातळ फुटत नाही. आपला शत्रू पाणीच, फक्त न गोठलेलं. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला, त्याच दिवसांत पाटणकडे आंबेघर, मिरगावला डोंगर खाली आला. भेगांत मुरलेलं पाणी पाऊस थांबल्यावरही दाब देत राहतं. म्हणून तुमचा दगड उन्हात पडला. सुरक्षित वेळ अशी नाही. मोठ्या पावसानंतरचा एक दिवस तरी पोरांना त्या वळणावरून नेऊ नका.

ठरावात पहिली मागणी पाण्याची करा. कड्याच्या माथ्यावर, काठापासून मागे चर काढून पठारावरचं पाणी जवळच्या ओढ्याला वळवायचं. मग पावसाळ्याआधी रस्ता बंद ठेवून, दोर बांधलेल्या अनुभवी माणसांकडून पहारीने सुटे दगड उतरवून घ्यायचे. पिंपळ नुसता छाटू नका, मूळ पुन्हा फुटतं. अधांतरी कातळाला खालून आधाराची भिंत किंवा रॉक बोल्ट (कातळात भोक पाडून खोलवर घट्ट बसवलेले लोखंडी गज) लागेल, ते भूगर्भतज्ज्ञाने पाहूनच ठरवावं.

जाळी यानंतर. २०१५ मध्ये आडोशी बोगद्याजवळ दरडी कोसळल्यावर मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर जाळ्या बसवल्या, त्या तुम्ही पाहिल्या असतील. पण जाळी मोठा कातळ धरत नाही. ती सुटा दगड उडू न देता खाली आणते, म्हणून पायथ्याशी तो पडायला रुंद चर हवी आणि ती दरवर्षी उपसायला हवी. सिमेंटचा फवारा मारणार असतील तर पाणी बाहेर पडायला भोकं ठेवा असं लिहूनच घ्या, नाहीतर आत तुंबलेलं पाणी सगळा थर ढकलून देतं.

धागाकर्ता

मनापासून आभार, काका. आज लांबच्या पायवाटेने माथ्यावर जाऊन आलो. तिथे जुनी दगडी चर आहे! गाळाने आणि घाणेरीने पार बुजलीय, म्हणून पाणी कड्यावर येतंय. वाडीतले आठ-दहा जण श्रमदानाला तयार आहेत. ती जमीन वन विभागाच्या हद्दीत असेल तर परवानगीचा अर्ज ग्रामपंचायतीने करायचा की आम्ही गावकऱ्यांनी केला तरी चालेल? ग्रामसभा येत्या गुरुवारी आहे.