परदेशात मुक्काम स्वस्तात कसा केलात? बडोदेकरांनो, लिहा

कारेलीबागकर
दिवाळीनंतर युरोपचं घाटतंय. आम्ही दोघं, कॉलेजातली मुलगी आणि "मी पण येणार" म्हणून आत्तापासून गुडघ्यांचे व्यायाम सुरू केलेल्या सासूबाई. विमानाचं भाडं आपल्या हातात नाही. एक वेळचं जेवण खाखरा-थेपल्यावर निभावतं. राहता राहिला मुक्काम, आणि डोळे पांढरे होतात ते तिथलेच आकडे बघून. कमाटी बागेत सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींत विषय काढला तर जो तो किस्से सांगायला लागला, म्हणून इथं मांडतोय. कुठं राहिलात, काय वाचलं, काय अंगाशी आलं, सविस्तर लिहा. "हॉस्टेल बघा" एवढंच लिहून पळू नका.

दांडियाबाजारची काकू
मी लंडनचं सांगते. फिट्झरॉय स्क्वेअरला इंडियन वायएमसीए आहे, 1920 साली भारतीय विद्यार्थ्यांसाठी सुरू झालेली. आता प्रवाशांनाही खोली देतात. वॉरन स्ट्रीट स्टेशन जवळच, नाश्ता भाड्यातच. थाटमाट शून्य, पण भर लंडनात आहे.

दुसरा मार्ग विद्यापीठांच्या वसतिगृहांचा. उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरं घरी जातात आणि खोल्या पर्यटकांना देतात. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची वसतिगृहंही त्यात आहेत. एकट्या बाईला हे फार सोयीचं. हॉटेलात एकटं माणूस असलं तरी दोघांच्या खोलीचे पैसे मोजावे लागतात, इथं खोलीच एकाची असते. अरुंद पलंग, अभ्यासाचं टेबल, भिंतीवर चिकटपट्टीचे डाग. आपल्या एम. एस. युनिव्हर्सिटीच्या हॉस्टेलात दिवस काढलेल्यांना नवं काही वाटणार नाही. मात्र तुम्ही दिवाळीनंतर निघणार असाल तर हे विसरा, तोवर पोरं परतलेली असतात.

मांजलपूरचा भटक्या
काका, मी हॉस्टेलच सांगणार आहे, पण पळणार नाही.

हॉस्टेल म्हणजे विशीतल्या पोरांचा धिंगाणा, हे डोक्यातून काढा. मूळ कल्पना एका जर्मन शाळामास्तराची, रिचर्ड शिरमान यांची. सहलीला निघालेल्या मुलांना रात्री टेकायला जागा हवी म्हणून 1912 मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यात पहिलं कायमचं यूथ हॉस्टेल निघालं. जर्मनीतल्या त्या यूथ हॉस्टेलांत आजही बिऱ्हाडंच्या बिऱ्हाडं उतरतात, चार-सहा खाटांची अख्खी खोली घेता येते. तुम्ही चौघं, म्हणजे हिशेब जमलाच. सभासदत्व लागतं, आपली यूथ हॉस्टेल्स असोसिएशन ऑफ इंडिया जर्मनीच्या हॉस्टेलांसारखीच हॉस्टेलिंग इंटरनॅशनल या आंतरराष्ट्रीय संघटनेत आहे, तिचं कार्ड इथूनच काढून न्या. खासगी हॉस्टेलांत मात्र वयाची अट वाचा. काही ठिकाणी पस्तीस-चाळीसच्या वरच्यांना डॉर्ममध्ये, म्हणजे अनोळखी लोकांसोबतच्या सामायिक खोलीत, घेत नाहीत, आजींना दारातूनच परत फिरवतील. टॉवेल, कुलूप, कुठं कुठं चादरीचेही पैसे वेगळे.

आणि खरी बचत खाटेत नाही, स्वयंपाकघरात आहे. व्हिएन्नात मी डाळ-भात लावला होता. तिथं फ्रिजमधल्या प्रत्येक पिशवीवर नाव आणि जायची तारीख लिहिलेली चिठ्ठी हवी, नसली तर सफाईच्या दिवशी पिशवी सरळ कचऱ्यात. शेजारी एक फळी असते, "कुणीही घ्या" वाली. निघून गेलेल्यांचं उरलेलं मीठ, तेल, पास्ता त्यावर. मी तेल तिथलंच घेतलं. मोहरी तडतडली, मिरची पडली, आणि छतावरचा धुराचा भोंगा बोंबलायला लागला. एक ब्राझीलचा पोरगा खुर्चीवर चढून त्याला टॉवेलने वारा घालतोय, मी खिडक्या उघडतोय, सगळा मजला खोकतोय. नंतर त्याच पोराने दोनदा डाळ मागून घेतली. तेव्हा फोडणी घरूनच करून बरणीत न्या.

रावपुरेकर
रात्रीची गाडी राहिली. ऑस्ट्रियन रेल्वेची नाइटजेट व्हिएन्नाहून रात्री निघते आणि सकाळी व्हेनिसला सोडते. एका रात्रीचं हॉटेल वाचलं. बसायची सीट, कुशेट म्हणजे आपल्या स्लीपरसारखे बर्थ, आणि त्याहून महाग झोपायचा डबा, असे तीन दर. युरोपभर रेल्वेने फिरायचा युरेल पास असला तरी बर्थचे पैसे वेगळे भरावे लागतात, हे पास विकणारे हळू आवाजात सांगतात. शिवाय सकाळी उतरलात की खोली दुपारी दोन-तीनशिवाय मिळत नाही. तरुण असाल तर सामान स्टेशनच्या लॉकरमध्ये टाकून फिरा. सासूबाईंसोबत मी हा उद्योग करणार नाही.

वाडीतली वहिनी
सगळे हॉटेलांचंच बोलताय, नातेवाईकांकडे उतरणाऱ्यांनी तोंडाला कुलूप का लावलंय? बडोद्यात घरटी एक माणूस परदेशात. आम्ही न्यू जर्सीला चुलतदिरांकडे उतरलो. जाऊबाई फोनवर, "अगं, काही आणू नकोस, इथं सगळं मिळतं." पाठोपाठ यादी: भाकरवडी, लीलो चिवडो, गोडा मसाला, पोरीच्या गरब्याचे दोन चणियाचोळी. एक बॅग त्यातच भरली. तिकडे त्यांची दोघांची नोकरी, गाडीशिवाय पाय हलत नाही, म्हणजे आम्हाला न्यू यॉर्क बघायचं तर शनिवारची वाट बघा. खर्च वाचला, हो. पण शेवटचे दिवस मॅनहॅटनमध्ये खोली घेतली तेव्हा कुठं शहर पाहिलं. दोन-चार दिवस गोड वाटतं, त्यापुढे त्यांनाही आपलं ओझंच होतं.

अलकापुरी_हिशेबनीस
शहर-कर, म्हणजे पर्यटकांच्या मुक्कामावरचा कर, धरा! बुकिंगच्या आकड्यात तो बऱ्याचदा नसतो, काउंटरवर मागतात. ॲम्स्टरडॅमने 2024 पासून तो भाड्याच्या 12.5 टक्के केलाय. रोममध्ये माणशी, दर रात्री. दुबईत खोलीमागे टुरिझम दिरहम. चौघांचा एकत्र हिशेब करून बघा. आणि कार्ड घासताना मशीन "रुपयांत की युरोत" विचारतं, तेव्हा युरोच दाबा. रुपयांचा भाव ते आपल्या सोयीने लावतात.

सयाजीगंजवाला
जपानला जाणारं कुणी असेल तर: तिथं अनेक हॉटेलांत भाडं खोलीचं नसून माणशी असतं, "दोघांत एक खोली" हा आपला हिशेब चालत नाही. मी ओसाकात कॅप्सूलमध्ये, म्हणजे एका माणसाला झोपण्यापुरत्या खणात, राहिलो. जगातलं पहिलं कॅप्सूल हॉटेल त्याच शहरात 1979 मध्ये निघालं, आराखडा किशो कुरोकावांचा. बूट दारातल्या लॉकरमध्ये, बॅग दुसऱ्या लॉकरमध्ये, आपण वरच्या खणात. दाराऐवजी पडदा. आत खायला मनाई, त्यामुळे थेपले खाली बैठकीत बसून खाल्ले. शेजारचा घोरला तर इलाज नाही. बायकांसाठी विचारून घ्या, अनेक ठिकाणी फक्त पुरुषच.

कारेलीबागकर
काकू, वसतिगृह बाद, समजलं. अपार्टमेंटचं कुणीच लिहिलं नाही? चौघांना स्वयंपाकघरासकट तेच परवडेल असं मुलगी म्हणते.

निजामपुऱ्याची ताई
परवडतं, पण साइटवरचा पहिला आकडा खरा धरू नका. सफाईचे पैसे आणि साइटचं कमिशन शेवटच्या पानावर चढतं. सफाईचे पैसे एकदाच लागतात, म्हणून एक-दोन रात्रींना महाग, आठवड्याला स्वस्त. आमच्या एका यजमानाने ऐन निघायच्या तोंडावर बुकिंग रद्द केलं. पैसे परत आले, पण त्या भावात दुसरं घर कुठून मिळणार? शहराचा नियमही बघा. बार्सिलोनाने 2028 पर्यंत पर्यटकांची अपार्टमेंटं बंद करायचं ठरवलंय. सिंगापूरला तर खासगी घर तीन महिन्यांहून कमी दिवसांसाठी देणंच बेकायदा.

आणि व्हिसाच्या कागदांसाठी मोफत रद्द होणारीच बुकिंगं करा. रद्द करायची शेवटची तारीख मोबाइलमध्ये टाकून ठेवा.

फत्तेगंजकर
इटलीत आणखी एक सोय आहे. रोम, फ्लोरेन्सला ख्रिस्ती जोगिणींचे (नन्सचे) मठ पाहुण्यांना खोल्या देतात. आम्ही रोमला राहिलो. उंच छत, इस्त्रीच्या पांढऱ्या चादरी, उशाशी क्रूस, टीव्ही नाही. नाश्त्याला पाव, जॅम, कॉफी. रात्री दार ठरल्या वेळी बंद, आमच्याकडे अकराला. एक जोडपं उशिरा आलं, त्यांनी बराच वेळ बेल वाजवली. काही मठांत तीन-चार खाटांच्या खोल्याही असतात. लिफ्ट आहे का हे आधी विचारा, इमारती जुन्या आहेत. बरेच मठ मोठ्या साइटवर नसतात, थेट मेल करावी लागते. साध्या इंग्रजीत लिहा, वयं लिहा, आणि किती वाजता पोचणार तेही, कारण दार उघडायला सिस्टरच येतात.