आल्डी जळगावात येणार म्हणे!

चेतन (बी-३०२): फॉरवर्डेड: जर्मनीची जगप्रसिद्ध स्वस्त सुपरमार्केट कंपनी आल्डी आता भारतात! पहिल्या टप्प्यात जळगाव, धुळे, नंदुरबार. हायवेला जागा बघून गेले. किराणा निम्म्या भावात. सर्व ग्रुपवर पाठवा.

भंगाळे काकू: व माय! निम्म्या भावात? मग वर्षाची तूरडाळ आता भरू की थांबू?

महाजन काका (दाणाबाजार): भरून घ्या काकू. निम्म्या भावात तर मिलवाला आम्हालाही देत नाही.

पाटील सर (सेक्रेटरी): चेतन, बातमी कुठली आहे?

चेतन: शिरपूरच्या एका ग्रुपवर होती सर. आली तशी टाकली.

पाटील सर: मग ती तिथेच राहू द्यायची होती. २०१२ च्या धोरणात परदेशी कंपनीला अशा किरकोळ दुकानात ५१ टक्क्यांपर्यंतच हिस्सा आहे, तोही सरकारच्या मंजुरीने. राज्याची संमती लागते, किमान १० कोटी डॉलर गुंतवावे लागतात, आणि दुकानं मुख्यतः १० लाखांच्या वरच्या शहरांसाठी. आपलं जळगाव २०११ च्या जनगणनेत साडेचार लाखांच्या थोडं वर होतं. नंदुरबारचं तर बोलूच नका.

स्वाती वहिनी (ए-२०३): पण ही आल्डी आहे तरी काय? पराग भाऊजी तिकडेच असतात ना?

पराग (सी-४०४, सध्या एसेन, जर्मनी): नमस्कार मंडळी. हो, मी आल्डीच्या गावातच राहतो. १९१३ मध्ये एसेनच्या एका वस्तीत अॅना आल्ब्रेख्त बाईंनी छोटं दुकान टाकलं. दुसऱ्या महायुद्धानंतर कार्ल आणि थिओ या त्यांच्या दोन मुलांनी ते हाती घेतलं. १९६० च्या सुमारास दुकानात सिगारेट ठेवायची की नाही यावरून दोघांचं फाटलं. एकाने उत्तर जर्मनी घेतली, दुसऱ्याने दक्षिण. पुढे दोन्हीकडे नाव आल्डीच, पण कंपन्या वेगळ्या. उत्तरवाल्यांचं मुख्यालय एसेनला, दक्षिणवाल्यांचं शेजारच्या म्युलहाइमला.

चौधरी अप्पा (बी-१०१): म्हणजे भाऊबंदकी! आपल्याकडे बांधावरून होते, त्यांच्याकडे सिगारेटवरून झाली.

पराग: अगदी तसंच अप्पा. नंतर त्यांनी जगही वाटूनच घेतलं. दक्षिणवाले १९६७ ला ऑस्ट्रियात गेले, तिथली होफर नावाची साखळी विकत घेऊन. पाटी आजही होफरचीच आहे. १९७६ ला अमेरिकेत आयोवा, १९९० ला इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम, २००१ ला ऑस्ट्रेलिया, २०१९ ला शांघाय. उत्तरवाल्यांनी १९७९ ला अमेरिकेतली ट्रेडर जोज ही दुकानांची साखळी घेतली. इंग्लंडात सुरुवातीला लोक आल्डीची पिशवी लपवून न्यायचे म्हणतात. २०२२ मध्ये तिथे ती चौथ्या क्रमांकावर गेली. त्याला बत्तीस वर्षं लागली. तीन जिल्ह्यांत एकदम उतरणारी ही माणसं नव्हेत.

महाजन काका: इतिहास राहू दे भो, भाव कुठून काढतात ते सांग. भाडं, हमाली, पगार, उधारी, चारही खर्च मी रोज भोगतो.

पराग: मुख्य म्हणजे वस्तूच कमी. मोठ्या सुपरमार्केटला वीस-तीस हजार प्रकारचा माल असतो, यांच्याकडे दीड-दोन हजार. टोमॅटो सॉसच्या दहा बाटल्यांतून निवडायचं कामच नाही, एक-दोन असतात. त्यामुळे त्या एका सॉसची खरेदी अफाट, आणि भाव पाडून मागता येतो. बहुतेक माल त्यांच्याच नावाच्या पाकिटात. फळीवर मांडामांड नाही, खोक्याचं तोंड फाडून खोकंच ठेवतात. पाकिटावर बारकोड मोठा आणि अनेक बाजूंनी छापलेला, म्हणजे काउंटरवरच्या माणसाला वस्तू फिरवत बसावं लागत नाही. तोच माणूस बसून बिल करतो, गर्दी ओसरली की उठून माल लावतो, फरशीही पुसतो. ट्रॉलीला नाणं अडकवायचं, जागेवर परत लावली की नाणं परत. ट्रॉल्या गोळा करायला वेगळा पोऱ्या नको.

महाजन काका: उधारी?

पराग: नाही.

महाजन काका: मग झालं. माझ्या वहीतली अर्धी सोसायटी त्यांच्याकडे जायची नाही.

भंगाळे काकू: महाजन भाऊजी, ग्रुपवर नको ते.

स्वाती वहिनी: "त्यांच्याच नावाच्या पाकिटात" हे आमच्या घरात रोजचं आहे. हे ज्या डाळमिलमध्ये आहेत तिथे एकच डाळ चार नावांच्या पिशव्यांत जाते. मोठ्या गिऱ्हाइकाची ऑर्डर आली की आठवडाभर मिल त्याचीच, अन् भाव असा घासून घेतात की मालक म्हणतो, मजुरी तेवढी सुटली.

चेतन: पण डीमार्टही स्वस्तच देतं की.

महाजन काका: देतं ना. २००२ ला पवईत पहिलं दुकान, तेव्हापासून मालक दमाणींचा हिशोब एकच: जमलं तिथे जागा स्वतःची घ्यायची आणि माल देणाऱ्याचे पैसे लवकर मोकळे करायचे. रोकड लवकर मिळत असेल तर मीही दोन टक्के सोडेन. त्यात जादू काही नाही, पैसा पाहिजे.

पाटील सर: आणि परदेशात जाऊन सगळे टिकतात असंही नाही. वॉलमार्टने २००६ ला जर्मनी सोडली, दुकानं मेट्रो नावाच्या तिथल्याच कंपनीने घेतली. तीच मेट्रो २००३ ला भारतात घाऊक विक्रीला आली आणि इथला धंदा रिलायन्सला २,८५० कोटींत देऊन गेली. फ्रान्सचं कारफूर तर २०१४ लाच भारतातून निघून गेलं.

पराग: आल्डीचंही तसंच सर. ग्रीसमध्ये २००८ ला गेले, २०१० ला बंद. डेन्मार्कमध्ये पंचेचाळीस वर्षं काढली, तरी शेवटी बहुतेक दुकानं नॉर्वेच्या रेमा १००० या साखळीला दिली. गंमत म्हणजे आल्डीचा कट्टर स्पर्धक लिडल नॉर्वेत चार वर्षांत थकला, तेव्हा त्याचीही दुकानं याच रेमाने घेतली होती.

वॉचमन केबिन: ए विंगसमोर पांढरी गाडी कोणाची आहे, टँकर आत येत नाही.

चौधरी अप्पा: पराग, केळी काय भावाने विकतात तिकडे?

पराग: किलोला एक-सव्वा युरोच्या आसपास अप्पा. इक्वेडोर, कोलंबिया, कोस्टा रिका इथली. आणि ऐका, युरोपच्या केळीबाजारात "आल्डीचा भाव" असाच शब्द चालतो. १८.१४ किलोच्या पेटीला आल्डी काय देते ते बघून बाकीचे सौदे ठरतात. २०१९ च्या अखेरीस तिने पुढच्या वर्षाचा भाव खाली आणला, तेव्हा लॅटिन अमेरिकेतल्या उत्पादकांनी एकत्र येऊन जाहीर निषेध केला होता.

चौधरी अप्पा: म्हणजे आपला केळीचा भाव बऱ्हाणपूरच्या बाजारावरून ठरतो, तसं त्यांचं बऱ्हाणपूर आल्डीच! आपण तिथला बोर्डभाव बघायचा, नवती (नव्या लागवडीची केळी) काय, पिलबाग (खोडव्याची) काय; अन् कटाईच्या दिवशी व्यापारी म्हणणार, माल बारीक आहे, शंभर कमी. घड तर झाडावर ठेवता येत नाही. इक्वेडोरवाल्याची गत वेगळी नसणार.

चेतन: पण अप्पा, त्यांचा भाव वर्षभराचा बांधलेला असतो. आपला सकाळी एक, दुपारी एक. बांधलेला बरा नाही का?

चौधरी अप्पा: बरा आहे, नाही कुठे म्हणतो? कांदेबाग (पावसाळ्यानंतरची केळी) लावताना भाव माहीत असेल तर कर्ज किती उचलायचं ते तरी कळेल. पण तो भाव लिहिताना समोर आम्ही बसलेलो पाहिजे. एकट्याने लिहिला तर वर्षभर एकच मार.

महाजन काका: अप्पा, १०० टक्के.

चौधरी अप्पा: पराग, पेटीचा फोटो टाकशील का? कोणता देश, फणी कशी बांधली, सालीवर डाग किती चालतात, ते दिसू दे.

पराग: शनिवारी जातो अप्पा. रविवारी इथे दुकानं बंद.

महाजन काका: रविवारी बंद?? एवढं स्वस्त विकून वर सुट्टीपण घेतात!