ड्रिनफेल्ड मॉड्यूलचं मॉड्युलर इक्वेशन हाताने काढता येतं का?

अंकवेडा
एमएस्सीच्या प्रोजेक्टला मॉड्युलर इक्वेशन घेतलंय, म्हणजे आयसोजेनीने (एका वक्रातून दुसऱ्यात नेणाऱ्या मॅपने) जोडलेल्या दोन इलिप्टिक कर्व्हचे जे (कर्व्ह ओळखून देणारी संख्या) क्ष आणि य यांच्यातलं समीकरण. साधं फाय-२ (२ कोटीच्या आयसोजेनीचं) बघा, स्थिर पद −१५७४६४०००००००००, क्ष·य च्या पुढे ४०७७३३७५, हे कुठून आलं काही कळत नाही, कॉम्प्युटरने दिलं म्हणून मान्य करायचं. आता गाईड म्हणतात पूर्णांकांऐवजी एफ-२ वरच्या (म्हणजे गुणक फक्त ० किंवा १) ट च्या बहुपदी घे, इलिप्टिक कर्व्हऐवजी ड्रिनफेल्ड मॉड्यूल घे, तिथेही असंच समीकरण असतं. पण तिथे जे म्हणजे काय, आयसोजेनी म्हणजे काय? लहानसं उदाहरण कोणी पूर्ण करून दाखवेल का?

टाऊमास्तर
लॅटिसच्या वाटेने जाऊ नकोस, सुरुवातीला नुसतं बीजगणित पुरतं. टाऊ म्हणजे वर्ग करणारा फ्रोबेनियस, नियम एकच: टाऊ·अ = अ^२·टाऊ, त्यामुळे गुणाकारात क्रम बदलला की उत्तर बदलतं. रँक म्हणजे टाऊची सर्वात मोठी घात. रँक १ वालं कार्लिट्झने १९३० च्या दशकातच केलेलं, ड्रिनफेल्डने १९७४ मध्ये रँक वाढवली. रँक २ चं ड्रिनफेल्ड मॉड्यूल म्हणजे ट ला पाठवायचं ट + ग·टाऊ + ड·टाऊ^२ कडे (ग, ड हे गुणक), आणि जे = ग^३/ड.

आता ड = १ धर (बीजीय बंद फील्डवर चालतं) आणि अवयव पाड: (टाऊ + ब)(टाऊ + अ). म्हणजे अब = ट आणि ग = ब + अ^२. अवयव उलटे लावले, (टाऊ + अ)(टाऊ + ब), की आयसोजेनीच्या पलीकडचं मॉड्यूल मिळतं, त्याचा ग = अ + ब^२. झालं, आयसोजेनी एवढीच. स = अ^३ ठेवलं की दोन जे असे येतात:

क्ष = (स + ट)^३ / स
य = (स + ट^२)^३ / स^२

यातून स घालव, वहीचं एक पान लागेल, आणि हे येतं:

क्ष^३ + य^३ + क्ष^२य^२ + ट(क्ष^२य + क्षय^२) + ट(ट+१)^३(क्ष^२ + य^२) + (ट+१)^३(ट^२+ट+१)क्षय + ट^२(ट+१)^६(क्ष + य) + ट^३(ट+१)^९ = ०

वजा चिन्ह शोधू नकोस, कॅरॅक्टरिस्टिक २ आहे, म्हणजे १ + १ = ०.

घनमूळ
मास्तर, भारी. पण खरी गंमत राहिली. साध्या फाय-२ ला पण असंच पॅरामीटर आहे, ह = एटा(झ)/एटा(२झ) ची २४ वी घात (एटा म्हणजे डेडेकिंडचं फंक्शन), आणि दोन जे येतात (ह + २५६)^३/ह^२ आणि (ह + १६)^३/ह. वरच्या दोन ओळींशेजारी ठेवून बघा, ट च्या जागी १६, ट^२ च्या जागी २५६!! अदलाबदल पण तशीच, इथे ह चं ४०९६/ह होतं आणि तिथे स चं ट^३/स.

म्हणून ते राक्षसी स्थिर पद म्हणजे −(१६·१५^३)^३, सरळ ५४००० चा घन. १६२००० म्हणजे ३×५४०००, आणि ८७४८०००००० म्हणजे ३×५४०००^२. तिकडे ५४००० च्या जागी ट(ट+१)^३ बसलंय (कॅरॅक्टरिस्टिक २ मध्ये ट+१ आणि ट−१ एकच), ३ चं १ झालं, बास. अंकवेडा, प्रोजेक्टमध्ये हे दोन कॉलम शेजारी शेजारी छाप, परीक्षक खूश.

अंकवेडा
आईशप्पथ, ५४००० कोणत्याच पुस्तकात असं फोडून दाखवलेलं दिसलं नाही मला. क्रोनेकरचं काय मग? मॉड्युलो २ फाय-२ चे (क्ष^२ − य)(क्ष − य^२) असे अवयव पडतात, ते वालं?

टाऊमास्तर
ट = ० टाक वरच्या समीकरणात. उरतं क्ष^३ + य^३ + क्ष^२य^२ + क्षय, म्हणजे (क्ष^२ + य)(क्ष + य^२), हुबेहूब क्रोनेकर. कुठल्याही अविभाज्य बहुपदी प साठी असंच होतं, फक्त २ च्या जागी |प| येतो, म्हणजे २ ची प च्या कोटीएवढी घात, आणि क्ष मधली कोटी |प| + १. सुंघान बे यांचा १९९२ चा पेपर याच विषयावर आहे.

घनमूळ
पुढे ट^२+ट+१ करून बघ, कोटी ५ येईल, तिथपर्यंत जीनस (समीकरणाच्या वक्राची गुंतागुंत मोजणारी संख्या) शून्य आहे म्हणून एका पॅरामीटरने भागतं. कोटी ३ च्या ट^३+ट+१ ला मात्र जीनस २ होतो, तिथे ही स वाली युक्ती चालणार नाही, सेज (गणिताचं सॉफ्टवेअर) उघडावं लागेल.