मदत हवी आहे: इओसिनोफिल १४ टक्के, शौचाचा रिपोर्ट स्वच्छ, आणि तीन महिन्यांनी जंत

हळदीची_पोर

नमस्कार मंडळी. विषय जरा किळसवाणा आहे, जेवताना वाचू नका.

आम्ही वाळवा तालुक्यात, कृष्णेच्या काठाला राहतो. मुलगा सात वर्षांचा. ऑगस्टमध्ये त्याला दहा-बारा दिवस खोकला लागला होता. ताप नाही, सर्दी नाही, अंथरुणात पडला की कोरडी ढास. रक्त तपासलं: पांढऱ्या पेशी ११,२००, त्यात इओसिनोफिल १४ टक्के. आयजीईपण (रक्तातली एक अँटीबॉडी) पुष्कळ वाढलेलं. शौच तपासली, 'अंडी आढळली नाहीत'. ॲलर्जी आहे म्हणाले, सिरप दिलं, खोकला गेला. त्याच आठवड्यात शाळेत जंताची गोळीही चावून खाल्ली होती त्यानं.

परवा, दिवाळी उरकून घर जरा शांत झालं तर सकाळी हाक आली, "आई, साप!" बघते तर वीतभर लांब, गांडुळासारखा पण पांढरट-गुलाबी, दोन्ही टोकांना निमुळता. मी किंचाळले. चिरंजीव मात्र काडीनं उलटापालटा करून बघत होते. डॉक्टरांनी फोटो बघून राउंडवर्म सांगितलं, अल्बेंडाझोल ४०० दिली, घरात सगळ्यांनीच घ्या म्हणाले. औषधाचं कळलं. बाकीचं विचारायला गेलं की "अहो, मुलांना होतंच" एवढंच उत्तर.

सासूबाईंचा निकाल तयार आहे. काकवीची बरणी चाटूनपुसून संपवली म्हणून जंत झाले, आणि झोपेत दात खातो हा पुरावा.

माझं डोकं वेगळ्याच ठिकाणी अडकलंय. गोळी खाऊनही हा आला कुठून? आणि इओसिनोफिल वाढले होते म्हणजे शरीराला पत्ता लागला होता ना? बारीकसारीक बॅक्टेरिया मारणारं शरीर एवढं धूड पोटात असताना गप्प कसं बसतं? कुणी नीट समजावेल का? मी बीकॉम आहे, त्या हिशेबानं सांगा.

मिरजेचा_सूक्ष्मदर्शक

बावीस वर्षं लॅबमध्ये काढली, माझ्या वाटणीचं सांगतो. टक्के बघू नका, आकडा काढा. ११,२०० च्या १४ टक्के म्हणजे १,५६८. एका मायक्रोलिटरमागे ५०० पर्यंत चालतात. म्हणजे तिप्पट होते.

स्लाइडवर ही पेशी बघायला देखणी असते. दोन पाळ्यांचं केंद्रक आणि भोवती लालसर केशरी दाणे ठासून भरलेले, आटपाडीचं डाळिंब फोडल्यासारखे. इओसिन नावाचा रंग हे दाणे पिऊन घेतात म्हणून इओसिनोफिल. पॉल एर्लिकनं १८७९ मध्ये या पेशी अशाच रंगवून ओळखल्या.

शौचाच्या रिपोर्टवर मात्र राग धरू नका. आम्ही जंत शोधत नाही, त्याची अंडी शोधतो. राउंडवर्मची मादी दिवसाला दोन लाखांच्या घरात अंडी घालते, त्यामुळे ती असली की सहसा सापडतेच. पण आधी ती वयात यायला हवी ना! अंडं गिळल्यापासून त्याला दोन-तीन महिने लागतात.

पेशी_आणि_पाटवडी

मी मूळची कराडची, पुण्यात इम्युनॉलॉजीत (रोगप्रतिकारशक्तीच्या अभ्यासात) काम करते. ताई, तुमच्या तारखांतच उत्तर आहे.

अंडं पोटात गेलं की लहान आतड्यात फुटतं, पण डिंभ (जंताचं पिल्लू) तिथं थांबत नाही. आतड्याची भिंत भेदून रक्तात, रक्तातून यकृतात, तिथून फुफ्फुसात. तिथं थोडा वाढतो, वायुकोशातून बाहेर पडून श्वासनळीनं घशापर्यंत चढतो. आपण नकळत गिळतो आणि स्वारी परत आतड्यात. कराडहून पाटणला जायला पुण्याचा फेरा मारावा, तसला हा प्रवास. फुफ्फुसाचा मुक्काम पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पडतो. तेव्हाच कोरडा खोकला लागतो, रक्तात इओसिनोफिल चढतात, आणि काही दिवसांत सगळं आपसूक निवळतं. स्वित्झर्लंडच्या विल्हेल्म लोफलर यांनी १९३२ मध्ये हे चित्र मांडलं, म्हणून लोफलर सिंड्रोम.

म्हणजे ऑगस्टमध्ये पाहुणा अजून वाटेत होता. आतड्यात अंडी घालणारं कुणी नाही, म्हणून शौच स्वच्छ. शाळेतली गोळी आतड्यातल्या जंतांवर चालते, फिरतीवरच्या डिंभांवर तिचा फारसा जोर नाही. ती पुढचं संरक्षणही देत नाही, म्हणून तर सरकार १ ते १९ वर्षांच्या मुलांना पुन्हा पुन्हा देतं. शपथेवर सांगणार नाही, कारण धुळीच्या ॲलर्जीतही १४ टक्के होतात आणि आयजीई दोन्हींत वाढतं. पण माझा कौल जंताला.

आता शरीर गप्प का बसतं ते. गप्प बसत नाही. बॅक्टेरिया आपल्या पेशीपेक्षा लहान, त्याला पेशी गिळून टाकते. वीतभर जंताला कुठली पेशी गिळणार? उसात रानडुक्कर शिरलं तर त्याच्याशी कुस्ती धरत नाही आपण, डबे बडवून हाकलतो. आतडंही तेच करतं.

आतड्याच्या अस्तरात टफ्ट पेशी असतात, डोक्यावर झुपका असलेल्या, इथं एक तिथं एक. कित्येक दशकं सूक्ष्मदर्शकाखाली दिसत होत्या पण करतात काय ते कळत नव्हतं. २०१६ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून उलगडलं की जंताची चाहूल घेणारे राखणदार हेच. त्या इंटरल्यूकिन-२५ नावाची हाळी देतात. ती ऐकून आयएलसी२ नावाच्या पेशी इंटरल्यूकिन-१३ सोडतात, आणि मग खरी धांदल उडते. श्लेष्मा करणाऱ्या गॉब्लेट पेशी वाढतात, सगळीकडं बुळबुळीत होतं, जंताला पाय रोवता येत नाही (पाय नाहीत त्याला, पण समजून घ्या). आतड्याचे स्नायू जोरानं आवळतात. एरवी तीन ते पाच दिवसांत बदलणारं अस्तर आणखी भराभर बदलतं. नव्या अस्तरात टफ्ट पेशीही जास्त निघतात, त्यामुळं पुढची हाळी आणखी मोठी. आमच्यात याला 'वीप अँड स्वीप' म्हणतात. पाणी ओता आणि खराट्यानं लोटा, दिवाळीआधीच्या अंगणासारखं.

इओसिनोफिलचं काम बहुतेक डिंभांपाशी चालतं. प्रतिपिंडं (अँटीबॉडी) डिंभाला चिकटतात, त्यांना धरून इओसिनोफिल त्याच्या अंगाला लगडतात आणि ते डाळिंबी दाणे त्याच्यावर रिकामे करतात. त्या दाण्यांतली प्रथिनं कातडी जाळणारी. आपल्या पेशींनाही जाळतात, म्हणून खोकला.

मग मोठा जंत टिकतो कसा? तो तह करतो. काही प्रथिनं सोडतो, त्यानं आपल्या नियामक टी-पेशी (लढाई आवरणाऱ्या पेशी) वाढतात आणि लढाई मंदावते. शरीरालाही ते सोयीचंच पडतं. पोटात एवढ्या प्राण्याशी निकराची लढाई झाली तर आधी आतडं फाटेल. म्हणून मोठा जंत निवांत बसला की रक्तातले इओसिनोफिल बरेचदा खाली येतात, आणि रिपोर्ट बघून आपल्याला वाटतं, बरं झालं पोरगं.

कोरेगावचा_घेवडा

म्हणजे जंत ॲलर्जी दाबतो असं ऐकलंय ते खरं? मग पोराला ॲलर्जी असेल तर गोळी कशाला देताय?

पेशी_आणि_पाटवडी

घेवडादादा, अर्ध्या गोष्टीवर दुकान उघडू नका. हूकवर्म (दुसरा एक जंत) असलेल्यांत दमा कमी दिसला, राउंडवर्म असलेल्यांत उलट थोडा जास्त. डुकराच्या व्हिपवर्मची अंडी पाजून आतड्याच्या दाहावर उपचार करायचा प्रयत्नही झाला. अमेरिकेतल्या आयोवात २००५ मध्ये छोट्या चाचण्यांनी आशा दाखवली, पुढं मोठ्या चाचण्यांत फायदा दिसला नाही. आणि तिथं मोजून अंडी द्यायचे. ओढ्याच्या पाण्यातली कोण मोजणार?

बटवेवाली_मावशी

वावडिंगाची पूड मधातून द्या गं. आमची चार पोरं त्यावरच वाढली.

सज्जनगडाखालचा_वैद्यबुवा

(नाव वैद्यबुवा, पदवी एमबीबीएस, सातारा तालुक्यात दवाखाना.) मावशी, वावडिंग जुनंच औषध आहे, पण लहान मुलाला किती द्यायचं ते नीट ठरलेलं नाही. ४०० ची एक गोळी पुरते. ताई, गोळीनंतर आणखी जंत पडले तर घाबरू नका. पोट फुगलं, शौच आणि वारा बंद झाला, हिरवी उलटी झाली तर मात्र घरी थांबू नका, जंतांचा गुंता आतड्यात अडकू शकतो.

आणखी एक, हे जरा ठासून सांगतो. रात्रीचा खोकला आणि इओसिनोफिल बघून परस्पर स्टेरॉइड चालू करणारे भेटतात. स्ट्राँगिलॉइड्स नावाचा एक जंत शरीरातल्या शरीरात पिढ्या वाढवतो. राउंडवर्मला ते जमत नाही. स्ट्राँगिलॉइड्सवर स्टेरॉइड पडलं तर तो अंगभर पसरून जिवावर बेततं, आणि साध्या शौच तपासणीत तो हुकतोही. इओसिनोफिल वाढलेले असताना स्टेरॉइड घ्यायचं तर आधी डॉक्टरांना याबद्दल विचारा.

सासूबाईंचं म्हणाल तर काकवी निर्दोष आहे. गोडातून जंत होत नाहीत, अंड्यातून होतात. ताज्या शौचातलं अंडंही लगेच लागत नाही, मातीत दोन ते चार आठवडे पिकावं लागतं. ते चिकट असतं, नखात, मुळ्याला, कोथिंबिरीच्या देठाला बसतं. दात खाण्याचा आणि जंतांचा संबंध पक्का नाही, माझा मुलगा जंत नसताना खातो. गुदाशी रात्री खाज असेल तर तो वेगळा, बारीक दोऱ्यासारखा जंत. त्याला शौच तपासणी नको, सकाळी उठल्या उठल्या चिकटपट्टी लावून बघतात.

मिरजेचा_सूक्ष्मदर्शक

दोन-तीन महिन्यांनी इओसिनोफिल परत मोजून घ्या आणि जुना रिपोर्ट सोबत न्या. नुसत्या नव्या आकड्यावरून कुणाला काही कळत नाही.

हळदीची_पोर

सगळ्यांचे आभार. कोथिंबीर! आमच्या परड्यात पाटाच्या पाण्यावरच आहे, आणि हे कार्टं उपटून तशीच तोंडात घालतं. गोळी झाली, काल आणखी एक पडला, आज काही नाही. मोजणी फेब्रुवारीत करू.

तुमचे सगळे प्रतिसाद रात्री सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवले. टफ्ट पेशी, श्लेष्मा, डाळिंब, सगळं डोळे मिटून ऐकलं त्यांनी. मग म्हणाल्या, "म्हणजे काकवी देऊ ना त्याला?"