मेकॅनिकल, ८ वर्षं अनुभव, चाकण. मॅनेजमेंटमध्ये जायला एमबीए करू का? आणि कुठला?

चाकण_थर्ड_शिफ्ट:

नमस्कार मंडळी. बीई मेकॅनिकल, २०१७ पासआउट, पुणे युनिव्हर्सिटी. तेव्हापासून चाकणला एका ऑटो कंपोनंट कंपनीत आहे, जीईटी म्हणजे ट्रेनी इंजिनियर म्हणून लागलो, आता सीनियर इंजिनियर, प्रोसेस आणि क्वालिटी दोन्ही बघतो. प्रेशर डाय कास्टिंग आणि मशीनिंगची लाइन आहे. काम येतं, पीपॅप (नवीन पार्टच्या मंजुरीची कागदपत्रं), ८डी (तक्रारीचं मूळ शोधायचा रिपोर्ट), कस्टमर ऑडिट सगळं शेवटी माझ्याच टेबलावर येऊन पडतं. पण मधे असिस्टंट मॅनेजरची जागा निघाली तेव्हा बाहेरून एमबीए ऑपरेशन्सवाला पोरगा आणला, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी ज्युनियर, आणि कास्टिंगमधली पोरोसिटी, म्हणजे आतल्या बारीक पोकळ्या, कशी ओळखायची हे त्याला लाइनवर उभं राहून मीच शिकवलं. पोरगा चांगलाय, त्याच्याशी माझं काही वाकडं नाही. एचआरला विचारलं तर म्हणतात क्वालिफिकेशन ॲड करा, मग बघू. आता ते बघू म्हणजे काय ते तुम्ही नोकरदार माणसं समजूनच घ्याल.

वय ३१, पगार ९ लाखाच्या आसपास, मोशीच्या फ्लॅटचा हप्ता चालू, बायको हिंजवडीला आयटीत, मुलगी ३ वर्षांची. डोक्यात तीन गोष्टी आहेत: नोकरी सांभाळून पुण्यात वीकेंडचा एमबीए, नाहीतर इग्नूसारखं डिस्टन्स, नाहीतर सरळ नोकरी सोडून आयआयएमचा एक वर्षाचा कोर्स. एमबीएची सीईटी, राज्याची प्रवेश परीक्षा, पण द्यावी का असं एक मन म्हणतं. ज्यांनी केलंय त्यांनी खरं खरं सांगा, जाहिरातवाल्यांचे फोन रोज येतायत, त्यांच्याकडून ऐकून झालंय.

---

कट्ट्यावरचा:

भावा आधी एक काम कर. तुझ्या प्लांटमध्ये आत्ता जेवढे मॅनेजर, सीनियर मॅनेजर आहेत त्यांची यादी काढ आणि त्यातले किती एमबीए आहेत आणि त्यातल्या किती जणांनी इथेच नोकरी करता करता केलाय ते बघ. लिंक्डइनवर अर्ध्या तासात निघेल. आतल्या आत एमबीए करून वर गेलेला एकही माणूस सापडला नाही तर तू चौथ्या सेमिस्टरला असलास काय आणि पास झालास काय, एचआर परत बघूच म्हणणार. आणि दोन-तीन सापडले तर त्यांच्याबरोबर चहा घे, कुठून केला विचार, फुकटात सल्ला.

दुसरं, मॅनेजमेंट म्हणजे नक्की काय पाहिजे? माणसं, बजेट, का फक्त कार्डावरचं नाव? प्लांट हेडच्या लाइनला जायचंय का सप्लाय चेन, कन्सल्टिंग असं बाहेरच पडायचंय? दोन्हीचे रस्ते वेगळे आहेत आणि तुझ्या पोस्टवरून मला तरी कळलं नाही.

---

मापात_पाप:

मी पण क्वालिटीचीच, भोसरीला. नोकरी करत पुण्यातूनच वीकेंडचा एक्झिक्युटिव्ह एमबीए केला, शनिवार पूर्ण आणि रविवार अर्धा, घरात सासूबाई होत्या म्हणून निभावलं हे आधीच सांगते, तुमची मुलगी लहान आहे तर वहिनींशी बोलल्याशिवाय फॉर्म भरू नका.

प्रमोशन त्यामुळे मिळालं का? थेट नाही. पण एक गोष्ट सांगते त्यातून काय ते कळेल. आमच्याकडे हाउसिंगच्या पार्टला लीक टेस्टिंगचं मशीन हवं होतं, ४० लाखाचं. मी कॅपेक्स प्रपोजल, म्हणजे मशीन खरेदीच्या खर्चाचा प्रस्ताव, टाकलं, इनहाउस रिजेक्शन कमी होऊन वर्षाला ८ लाख वाचतील असं दाखवलं. म्हणजे पेबॅक, पैसे वसूल व्हायचा काळ, ५ वर्षं. फायनान्सला २ वर्षांच्या आतलं पाहिजे असतं, फाइल बाजूला. एमबीएला कॉस्ट अकाउंटिंग शिकवणारे सर स्वतः एका कंपनीत फायनान्सला होते, त्यांना हे सांगितलं तर ते म्हणाले की तुम्ही फक्त तुमच्या खात्यातला खर्च मोजलाय. मग मी अकाउंट्सकडे जाऊन बसले. कस्टमरच्या डेबिट नोटा, म्हणजे खराब मालापोटी तो कापून घेतो ते पैसे, क्वालिटीच्या खर्चात दिसतच नव्हत्या, त्या विक्रीतून परस्पर वजा होत होत्या. कस्टमरच्या गेटवर थर्ड पार्टी सॉर्टिंग लावलेलं त्याचं बिल मार्केटिंगच्या बजेटमधून जायचं. माल अडकला की बदली लॉट विमानाने पाठवायचो ते लॉजिस्टिक्सच्या खात्यात. वर भीतीपोटी ठेवलेला चार दिवसांचा जादा स्टॉक, त्यात अडकलेला पैसा. सगळं एका कागदावर आणलं तर वर्षाचे २२ लाख झाले. मशीन तेच, पेबॅक २ वर्षांच्या आत, पंधरवड्यात सही झाली.

त्यानंतर बजेट मीटिंगला मला बोलवायला लागले आणि पुढचं सगळं तिथून झालं. तर माझं म्हणणं एवढंच की फायनान्स आणि कॉस्टिंग मनापासून शिका, ते आपल्याला बीईला कोणी धड शिकवत नाही. मार्केटिंगच्या केस स्टडी, लीडरशिपची प्रेझेंटेशनं वगैरे माझ्या तरी काही कामी आली नाहीत, वर्गात झोप बरी लागायची.

---

पवई_रिटर्न:

एक वर्षवाल्याबद्दल मी सांगतो, कारण त्यावर लोकांचा फार गोंधळ असतो.

आयआयएम अहमदाबादचा पीजीपीएक्स, कलकत्त्याचा एमबीएईएक्स (आधीचा पीजीपीईएक्स), बंगलोरचा ईपीजीपी, हे पूर्ण वेळ निवासी कोर्स आहेत, नोकरी सोडावीच लागते. अहमदाबादला किमान ४ वर्षं अनुभव आणि वय २५ लागतं, ते तुझं झालंय. त्याला कॅट चालत नाही, जीमॅट किंवा जीआरई द्यायची. जीमॅटचा स्कोअर ५ वर्षं चालतो, त्यामुळे आता देऊन ठेवली तरी वाया जात नाही. कॅटचं तसं नसतं, त्या वर्षापुरती. कॅट देऊन दोन वर्षांच्या कोर्सलाही जाता येतं, वयाची अट नाही, पण तिथे बहुतेक पोरं फ्रेशर नाहीतर दोन-तीन वर्षंवाली, प्लेसमेंटला कंपन्या पण त्याच हिशोबाने येतात, ८ वर्षंवाल्याला अवघड जातं.

आता पैसे. अहमदाबादची फीच ३० लाखाच्या वर आहे, त्यात तुझा वर्षाचा बुडालेला पगार धर, फ्लॅटचा हप्ता धर. म्हणजे ४० च्या पुढेच गेलं. एज्युकेशन लोनच्या व्याजावर ८ वर्षं टॅक्समध्ये सूट असते पण ती जुन्या रेजिममध्ये, न्यू रेजिम घेतली असेल तर विसर. एवढा पैसा ऑटो कंपोनंटमध्येच परत यायचं असेल तर वसूल होत नाही, मी सरळ सांगतो. चाकणची कंपनी असिस्टंट मॅनेजरला काय देते ते तुलाच माहिती. इंडस्ट्री बदलायची असेल, कन्सल्टिंग, ई-कॉमर्स ऑपरेशन्स, प्रॉडक्ट वगैरे, तरच त्या वाटेला जा.

ऑपरेशन्सच करायचंय तर पवईची निटी, २०२३ पासून आयआयएम मुंबई, तिकडे पण बघ. ती १९६३ पासून इंडस्ट्रियल इंजिनियरिंगचीच संस्था, शॉप फ्लोअरवाल्या माणसाला तिथे उपऱ्यासारखं वाटत नाही.

आणि ते फोन येतात ना, आयआयएमचं अमुक सर्टिफिकेट, लाइव्ह क्लास, कॅम्पस व्हिजिट, ॲल्युम्नाय स्टेटस, तो एमबीए नव्हे. विषय शिकायला घे हवं तर, पण एचआरच्या फॉर्मवर एमबीएच्या चौकटीत ते लिहिता येत नाही.

---

तांबडा_पांढरा:

मी डिप्लोमावाला, शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीमध्ये मोल्डिंगपासून सुरुवात केली, आज प्लांट बघतो. एमबीए नाही, बीई पण नाही. वरच्या सगळ्यांचं बरोबर असेल पण एक गोष्ट कुणीच विचारली नाही राव, तुझ्या हाताखाली माणसं किती? ८डी आणि पीपॅप लिहिणं हे कागदाचं काम झालं. माणसं सांभाळणं म्हणजे पावसाळ्यात रोपलावणीला निम्मी पोरं गावाकडं जातात तेव्हा फर्नेस चालू ठेवणं, दिवाळीच्या बोनसवरून लाइन थांबली तर युनियनच्या लोकांसमोर जाऊन बसणं, आणि जुना ऑपरेटर सगळ्यांदेखत तुला उलट बोलला तर तिथल्या तिथं काय करायचं ते. पोहायला पुस्तक वाचून येतं होय?

प्रोडक्शनची शिफ्ट मागून घे वर्ष दोन वर्षं. क्वालिटीची माणसं प्रोडक्शनला जायला नको म्हणतात कारण शिव्या दोन्हीकडून बसतात. पण प्लांट हेड करताना मालक बघतो की ह्यानं प्रोडक्शनचे नंबर काढलेत का.

हां, हे आमच्यासारख्या मालकाच्या कंपनीचं बोलतोय. मल्टिनॅशनलमध्ये कॉम्प्युटरच अर्ज गाळतो, तिथं डिग्री लागती, ते मान्य.

---

पवई_रिटर्न:

@तांबडा_पांढरा दादा शिफ्टचं शंभर टक्के पटलं. इंटरव्ह्यूला पण हेच विचारतात, किती लोक रिपोर्ट करत होते आणि वाद कसा मिटवला. शिफ्ट करून मग एक वर्षवाल्याला अर्ज केला तर निबंधात लिहायला तरी काहीतरी असेल.

---

चाकण_थर्ड_शिफ्ट:

सगळ्यांचे खूप आभार, एवढं कोणी लिहील वाटलं नव्हतं. यादी काढली. आमच्याकडे मॅनेजर आणि वरचे मिळून ११ आहेत, एमबीए ४, त्यातले तिघं बाहेरूनच एमबीए होऊन आलेले, आणि चौथे मटेरियल्सचे साहेब, त्यांनी नोकरीत असताना केला पण ते सांगतात की त्यांना आधी परचेसला बदली मिळाली आणि मग केला, उलटं नाही. आयआयएमचं ४० लाखाचं गणित बायकोसमोर मांडलं, ती म्हणाली आधी घराचे हप्ते फेड 😅 आणि मला ऑटो सोडायचंही नाहीये खरं तर.

राहता राहिलं वीकेंड का इग्नू. ताई, डिस्टन्सला किंमत आहे का हो बाजारात? आणि सीईटीचा नाद सोडू ना?

---

मापात_पाप:

सीईटी पूर्ण वेळच्या कोर्ससाठी, जमनालाल बजाज मिळत असेल तर गोष्ट वेगळी, तिथे फी खाजगीच्या मानाने कमी आणि नाव मोठं, पण ओपनला ९९ च्या वरचं पर्सेंटाइल लागतं आणि नोकरी सोडून दोन वर्षं मुंबई. तुमच्या परिस्थितीत नको.

डिस्टन्सचं असं, यूजीसीने २०२२ मध्ये स्पष्ट केलंय की मान्यता असलेल्या युनिव्हर्सिटीची डिस्टन्स किंवा ऑनलाइन डिग्री रेग्युलरच्या बरोबरीची धरायची. इग्नूचा एमबीए लाखाच्या आत होतो. दुसरीकडे कुठे घेतलात तर आधी यूजीसीच्या डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोच्या साइटवर त्या वर्षाला त्या कोर्सची मान्यता आहे का ते बघा, एजंटच्या शब्दावर जाऊ नका. पण काही कंपन्यांच्या जाहिरातीत अजून फुल टाइम एमबीए ओन्ली लिहिलेलं असतं, तिथे यूजीसी काय म्हणते याने फरक पडत नाही, आणि तिथे माझा वीकेंडवाला पण चालत नाही.

वीकेंडला फी कितीतरी पट जास्त, पण वर्गात शेजारी कोणी परचेसचा, कोणी बँकेतला, कोणी ईआरपीवाला बसतो, मला कामाची माणसं तिथेच मिळाली. तुमच्या कंपनीत स्पॉन्सरशिपची पॉलिसी आहे का विचारा, असते बऱ्याच ठिकाणी, पण बाँड किती वर्षांचा ते नीट वाचून मगच सही करा.

---

चाकण_थर्ड_शिफ्ट:

पॉलिसी आहे, आजच विचारलं, अर्धी फी देतात आणि २ वर्षांचा बाँड. प्लांट हेडना भेटून प्रोडक्शनची शिफ्ट पण मागणार आहे, ते हसतील बहुतेक. तोपर्यंत ते तुमचं कॉस्ट ऑफ क्वालिटीचं, खराब मालाचा सगळा खर्च एका कागदावर आणायचं काम आमच्या मशीनिंग लाइनचं करून बघावं म्हणतो. अकाउंट्सकडे नक्की काय मागायचं?

---

मापात_पाप:

गेल्या १२ महिन्यांचे कस्टमरनिहाय डेबिट नोटांचे लेजर मागा, एक्सेलमध्ये, कारणाच्या कॉलमसकट. कारण रिकामं असेल तर पार्ट नंबर आणि तारखेवरून तुमच्या कंप्लेंट रजिस्टरशी जुळवा. लॉजिस्टिक्सकडून हवाई मालाची बिलं वेगळी घ्या. आणि महिनाअखेरीला जाऊ नका, क्लोजिंग असतं, तोंडावर फाइल फेकतील. ७-८ तारखेनंतर जा.