एसटीपीच्या (सांडपाणी शुद्धीकरण केंद्राच्या) टाकीचा स्लॅब आतून झडतोय, कोटिंग कोणतं मारावं?

बी_विंग_सेक्रेटरी: पाण्याखालची भिंत ठणठणीत आहे, पण वरचा स्लॅब दह्यासारखा मऊ पडलाय. स्क्रूड्रायव्हर आत जातो, सळ्या उघड्या पडल्यात. कंत्राटदार म्हणतो, प्लास्टर करून वर काळा रंग मारू.

निवृत्त_गटारवाला: मुळीच नको! सांडपाण्यातून हायड्रोजन सल्फाइड वर येतो आणि ओल्या छतावरचे जिवाणू त्याचं सल्फ्युरिक आम्ल करतात. साधं प्लास्टरही ते आम्ल खाऊन टाकेल. मऊ काँक्रीट आधी फोडून काढा. किती फोडायचं? फेनॉल्फ्थॅलीन (चांगल्या काँक्रीटवर रंग बदलणारं रसायन) फवारा, लालगुलाबी झालं की थांबा. मग सळ्यांचा गंज काढायचा, रिपेअर मॉर्टर भरायचं, आणि शेवटी इपॉक्सी किंवा पॉलियुरियाचं (आम्लाला टिकणारं) कोटिंग. पैसे कोटिंगच्या डब्यात नाही, या तयारीत जातात. कोटेशनमध्ये नेमकी तीच गाळलेली असते.

टेरेसवाली: ओल राहिली तर फुगे येतात ना?

निवृत्त_गटारवाला: येतातच. प्लास्टिकचा तुकडा कडेनं टेप लावून रात्रभर चिकटवा. सकाळी आत थेंब दिसले तर काम पुढे ढकला.

बी_विंग_सेक्रेटरी: उद्या माणूस आत उतरवून बघतो.

निवृत्त_गटारवाला: ब्लोअर आणि गॅस मीटर असल्याशिवाय कुणालाही उतरवू नका. वास येत नाही म्हणजे गॅस नाही असं नसतं, जास्त प्रमाणात तो नाकच बधिर करतो.