अनुभव धागा : केस लावून घेतले, आता ऑफिसात तोंड कसं दाखवायचं?

इंदूरकर मंडळी, पुढच्या महिन्यात हेअर ट्रान्सप्लांट करायचं नक्की केलंय. एफयूई, म्हणजे डोक्याच्या मागचे केस एकेक करून मुळासकट काढून पुढे लावायचे; साधारण २५०० ग्राफ्ट (मुळासकट केसांचे पुंजके). खपल्या पडायला दहा-बारा दिवस लागतात म्हणे आणि सुट्टी मिळालीये आठ दिवसांची. काम काउंटरवरचं, म्हणजे दिवसभर लोकांसमोर. ज्यांनी गुपचूप निभावलं त्यांनी लिहा. 'टकलात काय वाईट?' हे आई रोज ऐकवते, तेवढं सोडून.

गांधीलमाशी
कापणं-टोचणं सोपं, सूज वाईट. तिसऱ्या दिवशी कपाळ फुगलं, चौथ्या दिवशी सगळं डोळ्यांवर उतरलं. झोपायचं डोकं उंच ठेवून, म्हणून आजोबांची आरामखुर्ची माळ्यावरून काढली. त्यात मी असा बसलेलो, तेवढ्यात शेजारच्या काकू वाटी परत करायला आल्या. बायको बोलून गेली, "गांधीलमाशी चावली." काकू पाच मिनिटांत चुना घेऊन हजर! थेट कपाळाला लावायला निघाल्या. मी खुर्चीतून उठून बाथरूममध्ये कडी लावून बसलो. आठवड्याच्या आत सूज गेली, पण काकू अजून विचारतात, पोळं काढलं का म्हणून.

बालाजीभक्त
मी ऑफिसात तिरुपतीला जातोय म्हणून सांगून गेलो. डोकं सगळंच भादरलेलं, कोण शंका घेणार? बाराव्या दिवशी टोपी घालून रुजू झालो, तर पहिला प्रश्न : "प्रसाद कुठाय भिया?" हे डोक्यातच आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी हलवायाकडून बुंदीचे मोठे लाडू नेले. आमच्याकडे एक आंध्रचे साहेब आहेत. त्यांनी तुकडा हुंगला आणि म्हणाले, "यात भीमसेनी कापूर नाही." मी म्हटलं, प्रवासात वास उडाला.

तेही निभावलं असतं. पण लावलेले केस तीन-चार आठवड्यांत गळतात. मुळं आत राहतात, नवे केस तीन-चार महिन्यांनी यायला लागतात. हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, मी कानाआड केलं. महिन्याभरात मागे छान केस आले आणि पुढे पुन्हा मैदान! आमचा शिपाई चहा ठेवता ठेवता म्हणाला, "बालाजीने पुढचे ठेवून घेतले वाटतं."

पायी चालणारा
२०२५च्या ऑगस्टमध्ये इंदुरात हेल्मेटशिवाय पेट्रोल मिळणं बंद झालं, आणि मला नेमकं तेव्हाच तीन आठवडे हेल्मेट मना. गाडी गॅरेजला टाकलीये अशी थाप मारली. पंधरा दिवसांनी अकाउंटंटने स्वतःचा मेकॅनिक ऑफिसात आणून उभा केला.

रामबागवाली
बायकांचंही लिहिते, कारण कोणी लिहीत नाही. माझा भांग रुंद होत चालला होता. मागे वरचे केस उचलून खालची एक पट्टीच भादरली. वरचे सोडले की काही दिसत नाही. रस्त्यावर डोकं-तोंड स्कार्फने गुंडाळून फिरणारी इंदुरात मी एकटी थोडीच आहे? फक्त पहिले दिवस तोही नको, नंतर बांधला तरी सैल. कलर, मेंदी डॉक्टर सांगतील तेव्हाच. ऑफिसात कुणाला पत्ता नाही. पकडलं सासूबाईंनी. मी भांगात कुंकू भरत नव्हते ना! त्यांना वाटलं, आमचं दोघांचं भांडण झालंय. दोन दिवस त्या मुलाशीच बोलल्या नाहीत. मीही घाई केली नाही सांगायची.

गेरप्रेमी
तारीख घेताना रंगपंचमी बघून घ्या. राजवाड्याला गेर (रंगांची मिरवणूक) निघालेली आणि तुम्ही गुलाल चुकवत टोपी सांभाळताय, ते जमायचं नाही.

धागाकर्ता
सर्वांचे आभार. सुट्टी पंधरा दिवसांची मागितलीये, कारण दिलंय घरगुती काम. रंगपंचमी टळतेय. गांधीलमाशी, ती आरामखुर्ची काही दिवस मिळेल का? मी सुदामानगरातच राहतो.

गांधीलमाशी
या घेऊन जा. फक्त घरी दुसरं काहीतरी कारण ठरवा, काकूंचं माहेर तुमच्याच गल्लीत आहे.